प्रवेशाचे ऋण

जागा थोड्या आणि त्या मागणारे पुष्कळ, अशी स्थिती जेथे जेथे उत्पन्न होते तेथे तेथे निवडीचा प्रश्न उभा राहतो. आणि निवडीचा प्रश्न उभा राहिला, की लायकी कोणाची यावर वाद माजतो. हा वाद आपल्या समाजात गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे, आणि सर्व पक्षांनी त्यात पुष्कळ बुद्धी व त्याहून अधिक शाई खर्च केली आहे. परंतु ज्याची निवड झाली तो त्या निवडीमुळे कोणाचा ऋणी होतो, हा प्रश्न त्या मानाने फारच थोडा विचारला जातो. वस्तुतः हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. किंबहुना पहिल्याचे समाधानकारक उत्तर दुसऱ्याचा विचार केल्यावाचून मिळणे शक्य नाही, असे मला वाटते. ते का, हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी एक लहानसे क्षेत्र घेऊ. दंतवैद्यकाची पहिली पदवी मिळाल्यानंतर एम. डी. एस. या पदवीसाठी तीन वर्षांचे जे उच्च अभ्यासक्रम आहेत, त्यांच्या नऊ शाखांपैकी एक ऑर्थोडॉन्टिक्स या नावाने ओळखली जाते. वेडेवाकडे, पुढे आलेले अथवा एकमेकांवर चढलेले दात तारेच्या साहाय्याने जागेवर आणणे आणि वरच्या व खालच्या दातांची जुळणी नीट करणे, हा तिचा विषय. या शाखेच्या जागा एकेका महाविद्यालयात वर्षाला मोजक्याच असतात, आणि पदवीधरांची ओढ मात्र तिच्याकडे फार. वाचक विचारील, की देशापुढे एवढे मोठे प्रश्न पडले असता दात सरळ करणाऱ्यांच्या निवडीची चिंता कशासाठी? त्यावर माझे उत्तर असे, की मोठ्या प्रश्नांत आपापल्या पक्षाचा अभिमान इतका मिसळलेला असतो, की मूळ तत्त्व दिसेनासे होते. लहान क्षेत्रात ते नितळ पाण्यातील दगडाप्रमाणे स्पष्ट दिसते. शिवाय हे क्षेत्र दिसते तितके क्षुल्लकही नाही.

दात हा हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्यावर हलका पण अखंड दाब ठेवला, म्हणजे ज्या बाजूस तो रेटला जातो त्या बाजूचे हाड विरते, मागील बाजूस नवे हाड भरते, आणि दात दिसेल न दिसेल अशा गतीने सरकतो. घाईने दाब वाढविला तर दाताच्या मुळास इजा पोहोचते. म्हणून हा उपचार दीड-दोन वर्षे, प्रसंगी त्याहूनही अधिक चालतो. रोग्यास साधारणपणे दरमहा यावे लागते. आणि तारा काढल्यावरही दात पुन्हा पूर्वीच्या जागी परतू नयेत म्हणून पुढे पुष्कळ काळ काळजी घ्यावी लागते. हाताचे कसब, डोळ्यांची पारख आणि या दोहोंपेक्षाही सबुरी, यांवाचून ही विद्या फळत नाही.

आता हीच गोष्ट आजऱ्याहून पाहावी. आजरा हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील तालुक्याचे गाव. हिरण्यकेशीच्या खोऱ्यात, गडहिंग्लजकडून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे. येथला घनसाळ तांदूळ त्याच्या सुवासाबद्दल प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील जुनी सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे. १९३३ साली स्थापन झालेले नायर दंत महाविद्यालय मुंबई महापालिकेचे. ही सर्व आजऱ्यापासून दूर. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या बाजूंस खाजगी संस्था आहेत. पण महिन्यातून एक दिवस मजुरी बुडवून, मुलीला बरोबर घेऊन, एस. टी.ने गडहिंग्लज ओलांडून पुढे जायचे आणि असे दोन वर्षे करीत राहायचे, हे शेतकरी बापास कितपत परवडणार? मग दात पुढे आलेली मुलगी वर्गात तोंडावर हात धरून बोलते, हसू आले तर मान फिरवते, आणि लग्नाच्या बाजारात तिच्या गुणांआधी तिचे दात मोजले जातात. यास केवळ सौंदर्याची हौस म्हणणे हे ज्यांचे दात सरळ आहेत त्यांनाच सुचू शकते. या मुलीपर्यंत विद्या कोणाच्या हातून पोहोचणार, हे त्या मोजक्या जागांवर कोण बसतो यावर ठरते. आणि जागा वाटतेवेळी तिला कोणी विचारीत नाही. निवडीच्या वादात उमेदवार भांडतात, संस्था भांडतात, सरकार भांडते. रोगी तेवढा गैरहजर असतो.

अरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक दृष्टांत दिला आहे. उत्तम पावे कोणास द्यावेत? कुलवंतास, धनवंतास की रूपवंतास? तो म्हणतो, जो उत्तम वाजवितो त्यास. कारण पावा हा वाजविण्यासाठी आहे. दृष्टांत सुंदर आहे, आणि त्याचा रोख पुष्कळ जण विसरतात. पावा देणे हा वादकाचा सत्कार नव्हे; चांगले संगीत निपजावे आणि ऐकणारास ऐकावयास मिळावे, हा त्यातील हेतू. आपल्या प्रश्नास हा न्याय लावला तर शिक्षणाची जागा हे हुशारीचे बक्षीस ठरत नाही. ती रोग्याच्या वतीने कोणाकडे तरी सोपविलेली वस्तू ठरते. परंतु येथे एक अडचण आहे. वादकाची परीक्षा पावा वाजवून घेता येते. ज्याने पावा अद्याप हाती धरलेलाच नाही त्याच्यातून उत्तम वादक निवडा, असे म्हटले तर अरिस्टॉटलही क्षणभर थांबला असता. प्रवेश देताना आपण नेमके हेच करीत असतो: झालेल्या कामाची पारख नव्हे, तर होणाऱ्या कामाचे भाकीत. या भाकितासाठी माणसाने आजवर चार साधने वापरली आहेत: कूळ, ओळख, पैसा आणि गुण. या प्रत्येकाने निवडलेल्या माणसाच्या मनात ऋणाची कोणती भावना उत्पन्न होते, ते क्रमाने पाहू.

कुळाची गोष्ट निघाली म्हणजे कर्णाची आठवण न होणे अशक्य. आणि आजऱ्याचे नाव घेतल्यावर तर ती व्हावयासच हवी. कारण १९६७ साली ‘मृत्युंजय’ लिहून कर्णाला मराठी घराघरांत नेणाऱ्या शिवाजी सावंतांचा जन्म १९४० साली आजऱ्यातच झाला. महाभारतात रंगमंडपात अर्जुनाशी सामना मागणाऱ्या कर्णाला कृपाचार्य त्याचे शस्त्रकौशल्य विचारीत नाहीत. आईबापांचे नाव आणि कूळ विचारतात. त्यापूर्वी द्रोणांनी ब्रह्मास्त्र नाकारले म्हणून तो परशुरामांकडे खोटे कूळ सांगून शिकला होता, आणि खोट्या दाखल्यावर मिळविलेली ती विद्या ऐन वेळी आठवणार नाही असा शाप घेऊन परतला होता. येथवर अन्यायाची कथा सर्वांस ठाऊक आहे. मला लक्ष वेधावयाचे आहे ते पुढील प्रसंगाकडे. कुळाने बंद केलेले दार दुर्योधन क्षणात उघडतो; कर्णास अंगदेशाचा राजा करतो; आणि परतफेड काय करू, असे विचारता अखंड मैत्री मागतो. ही परतफेड कर्ण मरेपर्यंत करीत राहिला. पुढे श्रीकृष्णाने त्याला त्याचे खरे कूळ सांगितले, राज्य देऊ केले, तरीही त्याला दुर्योधनाची बाजू सोडता आली नाही. कुळाने केलेल्या अन्यायाची भरपाई मेहेरबानीने झाली, आणि त्या मेहेरबानीने एका थोर पुरुषाला अधर्माच्या पक्षाशी जखडून टाकले. न्यायाने मिळावयाची वस्तू मेहेरबानीने मिळाली म्हणजे घेणारा तिचा मालक होत नाही. देणारा घेणाराचा मालक होतो.

म्हणून ओळख आणि वशिला यांविषयी आपण सावध असावे. सर्वच आश्रयदाते दुर्योधन नसतात, हे खरे. संस्थानी काळात आजरा इचलकरंजीच्या जहागिरीत मोडत असे, आणि तेथील नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या विद्याप्रेमाने कित्येकांचे शिक्षण पार पडले. अशा आश्रयाचे ऋण मानणे हे सौजन्यच होय. तथापि ज्याची हुशारी जहागीरदाराच्या दृष्टीस पडली नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आश्रयदात्यावर टाकता येत नाही. ते काम नियमाचे आहे.

येथे कोणी म्हणेल, की वशिला वाईट खरा, परंतु गुरूची पारख ही निराळी गोष्ट आहे. अनुभवी आचार्याने समोर बसवून निवडलेला शिष्य हजार परीक्षांच्या तोडीचा. ऑर्थोडॉन्टिक्सच्या इतिहासातच याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. या शास्त्राचा आद्य आचार्य एडवर्ड अँगल. त्याने १८९९ साली दातांच्या बिघडलेल्या जुळणीचे वर्ग पाडले, ते अद्यापि शिकविले जातात. १९०० साली सेंट लुईस येथे त्याने आपली शाळा काढली, आणि पुढे पॅसाडेना येथे दुसरी. विद्यार्थी तो स्वतः पारखून घेई. त्याचा सिद्धांत असा, की एकही दात न काढता सर्व दात जुळवून आणले पाहिजेत. त्याने आपल्या पसंतीने घेतलेल्या शिष्यांत अॅरिझोनाचा चार्ल्स ट्वीड आणि ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग असे दोघे होते. १९३० साली अँगल वारला. त्यानंतर निष्ठावंत म्हणून गाजलेल्या ट्वीडने आपल्याच जुन्या रोग्यांचे चेहरे पुन्हा न्याहाळले. कित्येकांचे ओठ पुढे आलेले, कित्येकांचे दात पूर्वस्थितीवर गेलेले त्याला आढळले. तेव्हा त्याने त्यांना परत बोलाविले, काही दात काढून उपचार नव्याने केले, आणि त्याची फी घेतली नाही. गुरुबंधूंनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. बेगही आपल्या देशी स्वतंत्रपणे दात काढण्याच्या मतावर आला.

आता विचार करावा, की अँगलने ट्वीडमध्ये काय पाहिले होते? निष्ठा, मेहनत, हस्तकौशल्य, हे सर्व त्याला दिसले असेल. पण ज्या एका गुणामुळे ट्वीडचे नाव राहिले, तो म्हणजे आपले काम फसले असे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून रोग्यासाठी गुरूच्या वचनाविरुद्ध जाण्याची तयारी, तो गुण अँगलला दिसलेला नसणार. दिसला असता तर कदाचित त्याने या शिष्यास दारातूनच परत पाठविले असते! मनुष्य निवडावयास बसला म्हणजे तो नकळत आपल्यासारखा मनुष्य शोधतो. त्याची भाषा आपल्यासारखी असली, बोलण्याची ढब आपल्यासारखी असली, की त्याला चुणचुणीत म्हणतो. आणि खेड्यातून आलेला, इंग्रजी अडखळत बोलणारा मुलगा बुजरा ठरतो.

अमेरिकेत या शाखेचा प्रवेश आजही वर्गातील क्रमांक, शिक्षकांची शिफारसपत्रे, संशोधन आणि समक्ष मुलाखत यांवर ठरतो. तेथे २०१२ पासून राष्ट्रीय दंतपरीक्षेचे गुण कळविणे बंद झाले. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच सांगण्यात येऊ लागले. मग निवडणाऱ्यांच्या हाती तुलनेचे साधन उरेना; आणि २०१६ मध्ये उच्च दंतशिक्षणाच्या प्रवेशासाठी एक नवी गुणांची परीक्षा निघाली. आकड्याला दाराबाहेर घालविले तर तो खिडकीतून आत येतो, तो असा. आपल्याकडे उलट अनुभव आला. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एकूण दीडशेपैकी पन्नास गुण तोंडी परीक्षेस ठेवले होते आणि ती दोन-तीन मिनिटांत आटोपत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिलेल्या निकालात हे प्रमाण अवाजवी ठरवून तोंडी परीक्षेस शेकडा पंधराहून अधिक गुण असू नयेत असे सांगितले. ज्या देशात आडनावावरून जात आणि उच्चारावरून जिल्हा ओळखला जातो, त्या देशात हा सावधपणा शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. कृपाचार्यांचा प्रश्न आज कोणी मोठ्याने विचारीत नाही; पण तो मनातल्या मनात विचारला जाणार नाही, याची हमी कोण देणार?

तिसरे साधन पैसा. महाराष्ट्राने १९८७ साली शिक्षणसंस्थांनी प्रवेशासाठी देणगी घेण्यास कायद्याने बंदी केली. कायदा चांगला, परंतु खाजगी संस्थांतील उच्च शिक्षणाची उघड फीच लक्षावधींच्या घरात गेल्यावर देणगी चोरून घेण्याची गरज तेवढी कमी होते, दार मात्र अरुंदच राहते. वरच्या क्रमांकाचा गरीब उमेदवार आवडती शाखा सोडून देतो, आणि पुष्कळ खालच्या क्रमांकाचा धनिक उमेदवार ती घेतो. यास पैशाची बाजू घेणारे म्हणतात, की तो कोणाचे लुबाडून घेत नाही, स्वतःच्या खर्चाने शिकतो. पण ऋणाच्या दृष्टीने पाहा. कर्ज काढून अथवा बापाची जमीन विकून जो शिकला त्याचे पहिले ऋण त्या पैशाशी असते. तो मनाने दुष्ट असतो असे मुळीच नाही. परंतु हप्ते त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. मग ज्याला तारेची गरज नाही त्याला ती सुचविली जाते, ज्याला गरज आहे पण ऐपत नाही त्याला दुसरीकडे पाठविले जाते, आणि दवाखाना आजऱ्यास न निघता जेथे पैसा आहे अशा शहरात निघतो. विद्या विकत घेतलेला मनुष्य ती विकणारच. त्याला दोष देण्यापूर्वी त्याला ती विकत घ्यावयास लावणाऱ्या व्यवस्थेला दोष दिला पाहिजे.

उरले गुण. २०१७ च्या प्रवेशापासून देशभर नीट-एम. डी. एस. ही एकच परीक्षा आहे. तीन तास, दोनशे चाळीस प्रश्न, प्रत्येकास चार पर्याय. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. पदवीच्या सर्व विषयांचे प्रश्न तीत असतात. ऑर्थोडॉन्टिक्सचे त्यांत थोडेच. तार वाकविणारा हात तीत दिसत नाही, रडणाऱ्या मुलाची समजूत घालणारा आवाज ऐकू येत नाही, आणि सबुरीचे माप तर तीन तासांत घेणेच शक्य नाही. तरीसुद्धा या परीक्षेचा एक मोठा सद्गुण मला मान्य आहे: ती आंधळी आहे. यंत्रासमोर बसलेल्या उमेदवाराचा बाप कोण, तो कोणाची चिठ्ठी घेऊन आला, त्याचा सदरा कसा आहे, हे तिला दिसत नाही. वशिल्याच्या देशात न दिसणे हेही न्यायाचे एक रूप आहे, आणि तिचे सर्व उणेपण ध्यानी घेऊनही ती मोडून मुलाखतीकडे जावे असे मी म्हणणार नाही.

परंतु आंधळ्या न्यायाचे जे काम नाही ते त्याच्यावर लादू नये. परीक्षा क्रम लावते. माणसांची किंमत ठरवीत नाही. हजारो उमेदवारांत एका प्रश्नाच्या फरकाने शेकडो क्रमांक पुढेमागे होतात. एकास ऑर्थोडॉन्टिक्स मिळते आणि दुसऱ्यास मिळत नाही, यात नियम पाळला गेला एवढेच सिद्ध होते. पहिल्याचा त्या जागेवर हक्क उत्पन्न होतो, कारण समाजाने आधी नियम सांगून तसे वचन दिले होते; पण तो दुसऱ्याहून अधिक लायक मनुष्य आहे, हे त्यातून निघत नाही. हक्क आणि लायकी यांतील हा भेद विसरला, की गुणवंतास एक विलक्षण रोग जडतो. कुळाने आलेला कुळाचे ऋण मानतो, वशिल्याने आलेला आश्रयदात्याचे, पैशाने आलेला पैशाचे; गुणांनी आलेला कोणाचेच मानीत नाही! जे मिळाले ते माझ्या बुद्धीने व श्रमाने, असे तो म्हणतो आणि तेथेच थांबतो. मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली गुणवंतांच्या राज्यासाठी ‘मेरिटोक्रसी’ या शब्दाची योजना आपल्या पुस्तकात उपहासाने केली होती. जगाने तो शब्द गौरवाचा म्हणून उचलला, यात सर्व काही आले.

गुण एकट्याचे असतात का? शहरातील शिकवणीचा खर्च, पदवीनंतर न कमावता अभ्यासास घालविलेले वर्ष, घरात कोणीतरी इंग्रजी पुस्तक वाचलेले असणे, या सर्वांचा वाटा त्या आकड्यात असतो. आजऱ्याजवळच्या वाडीतील मुलाचा दहा हजारावा क्रमांक आणि पुण्यातील दंतवैद्याच्या मुलाचा पाच हजारावा, यांत अधिक अंतर कोण चालून आला, हे आकडा सांगत नाही. ज्या कोल्हापूर संस्थानच्या परिसरात आजरा आहे, त्याच्या अधिपतीने, शाहू छत्रपतींनी, १९०२ साली सरकारी नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. सर्व घोड्यांसमोर एकत्र चंदी टाकली म्हणजे धट्टेकट्टे तेवढे खातात, हे त्यांनी आक्षेपकास पागेत नेऊन दाखविले, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ च्या जानेवारीत वैद्यकीय व दंतवैद्यकीय प्रवेशांसंबंधीच्या निकालात असेच म्हटले, की खुल्या स्पर्धेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे नव्हे. गुणवत्तेचा विचार सामाजिक परिस्थितीसह केला पाहिजे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिकपणे घेतला जातो तेव्हा त्यास उत्तर दिले पाहिजे. तो असा: उमेदवारास न्याय मिळो, पण कमी गुणांच्या माणसाच्या हाती रोगी का द्यावा? येथे आक्षेपक रोग्याची आठवण करतो हे चांगलेच. फक्त ती त्याला पैशाच्या जागांच्या वेळी होत नाही, याचे नवल वाटते. खरे उत्तर असे, की रोगी प्रवेशाच्या गुणांच्या हाती कधीच दिला जात नाही. प्रवेशाचे दार आणि पदवीचे दार ही दोन निराळी दारे आहेत. पहिल्या दारात निरनिराळ्या वाटांनी आलेल्यांस निरनिराळे माप लावता येते. दुसऱ्या दारात, जेथून मनुष्य तज्ज्ञ म्हणून बाहेर पडतो तेथे, माप सर्वांस एकच असले पाहिजे आणि ते कडक असले पाहिजे. भातशेतीचा दाखला घ्यावा. तरव्यातील रोपे लावताना शेतकरी एकेक रोप तपासून त्याच्या भविष्यावर वाद घालीत नाही. मुळे धरलेले रोप तो चिखलात लावतो, आणि पीक पुढे पाणी, खत व भांगलण यांवर येते. आपल्या शिक्षणसंस्था तरव्यापाशीच सारी दक्षता संपवितात. प्रवेशास तीन तासांची कसून परीक्षा, आणि पुढील तीन वर्षांत शिष्याने किती रोगी आरंभापासून अखेरपर्यंत नेले, त्यांतील किती बिघडले, बिघडलेल्यांचे त्याने काय केले, याची चौकशी त्या मानाने शिथिल. हा क्रम उलटा आहे. ट्वीडचा गुण प्रवेशाच्या वेळी ओळखता येत नाही, पण तो शिकविता येतो, निदान शिकविण्याचा यत्न करता येतो. आपल्या फसलेल्या कामाकडे सरळ पाहण्याची सवय लावणे हे आचार्याचे काम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रवेश मिळालेला हा विद्यार्थी वस्तुतः कोणाचा ऋणी? आपल्या परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे. देवांचा, ऋषींचा, पितरांचा, आणि काहींच्या मते मनुष्यमात्राचाही. या चौथ्या ऋणाचा इतका प्रत्यक्ष अर्थ दुसऱ्या क्वचितच ठिकाणी सापडेल. दंत महाविद्यालयाच्या खुर्चीवर जो येऊन बसतो तो बहुधा गरीब असतो. बाहेरचा खर्च झेपत नाही म्हणून तो तेथे येतो. विद्यार्थ्याचा हात अजून बसलेला नसतो. जे काम तज्ज्ञ अर्ध्या तासात करील त्यास दोन तास लागतात, तार टोचते, एकदा लावलेले पुन्हा काढावे लागते. आणि तो रोगी तोंड उघडून बसून राहतो. त्याच्या त्या उघड्या तोंडातून विद्यार्थी आपली विद्या शिकतो. पुस्तके विकत मिळतात, शिक्षकास पगार मिळतो, सरकारचा खर्च करांतून निघतो. परंतु या रोग्याने जे दिले त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. आणि हे ऋण कुळाने आलेला, वशिल्याने आलेला, पैशाने आलेला, राखीव जागेवर आलेला आणि पहिल्या क्रमांकाने आलेला, या सर्वांवर सारखेच आहे. प्रवेशाच्या वाटा निराळ्या. खुर्चीवरील रोगी एकच.

हे ऋण मानले तर काही गोष्टी ओघानेच प्राप्त होतात. सरकारने जागा वाढविताना त्या कोठे वाढतात हे पाहिले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या बाहेर, रोग्याला दिवसाच्या एस. टी.ने परतता येईल अशा अंतरावर त्या असाव्यात. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांत राज्यातील रहिवासावर आधारलेले आरक्षण घटनाविरुद्ध ठरविले आहे. त्याचा बोध असा घेता येईल, की एवढ्या वरच्या शिक्षणात उमेदवार कोठला याला महत्त्व नाही. मग तो शिकून कोठे जाईल याला तरी महत्त्व असू द्या. आजऱ्याचा मुलगा तज्ज्ञ होऊन मुंबईत राहिला तर आजऱ्यास त्याचा अभिमानापलीकडे उपयोग नाही. नागपूरचा एखादा तज्ज्ञ महिन्यातून दोन दिवस गडहिंग्लजला येऊ लागला तर त्या तोंडावर हात धरणाऱ्या मुलीस त्याचे कूळ, गाव वा क्रमांक काय करावयाचा आहे?

ज्यास जागा मिळाली नाही त्याच्याशीही समाजाचे काही देणे लागते. त्याला आपण स्पष्ट सांगितले पाहिजे, की तुझा क्रमांक आला नाही. तू नालायक ठरला नाहीस. आज हे कोणी सांगत नाही. वर्षामागून वर्ष त्याच परीक्षेस बसणारे, पदवी हाती असून स्वतःस अपुरे समजणारे तरुण गावोगाव आहेत. आणि आजऱ्यासारख्या ठिकाणी साधा दात नीट भरणारा, मुलांची कीड वेळीच ओळखणारा दंतवैद्य हाही तितकाच हवा आहे. निवडीच्या नियमास आपण लायकीचा निवाडा समजलो, म्हणून ही निराशा आपण निर्माण केली.

तात्पर्य, प्रवेशाचा नियम शक्य तितका निःपक्षपाती असावा, ओळखीला व पैशाला त्यात वाव नसावा, मागे पडलेल्यांसाठी त्यात तजवीज असावी, आणि इतके करूनही तो अपुराच राहील हे आपण जाणून असावे. उत्तम मनुष्य आधीच हुडकून काढणारी चाळणी अद्याप कोणी बनविलेली नाही, आणि बनेल असेही दिसत नाही. जे साधण्यासारखे आहे ते एवढेच, की आत आलेल्या प्रत्येकास पहिल्या दिवशी खुर्चीवरील रोग्याची ओळख करून द्यावी आणि सांगावे, की तुझी जागा याच्या नावावर आहे. ती तुला तीन वर्षे वापरावयास दिली आहे. हे ज्याच्या मनात उतरले त्याचा क्रमांक कितवा होता, हे पुढे कोणी विचारणार नाही.